अर्धी उरलेली गोणी आणि खवट वास: कुत्र्याच्या ड्राय फूडबद्दल

प्रश्न: आम्ही दापोलीजवळ राहतो. आमचा टिप्या गावठी आहे, तीन वर्षांचा, वजन १४ किलो. सकाळी ड्राय फूड आणि रात्री भात-मासे असं त्याचं खाणं. जूनच्या सुरुवातीला २० किलोची गोणी आणली, मोठी गोणी स्वस्त पडते म्हणून. गोणी फोडून सगळं प्लास्टिकच्या पिंपात ओतलं. आता ऑगस्ट संपत आला तरी अर्ध्याहून जास्त शिल्लक आहे. गेले चार दिवस टिप्या सकाळी तोंड लावत नाही, रात्रीचा भात मात्र चाटूनपुसून खातो. दाण्यांना तेलकट वास येतोय, बुरशी काही दिसत नाही. गोणीवर पुढच्या मार्चपर्यंतची मुदत होती. सासूबाई म्हणतात, ऊन पडलं की दोन दिवस वाळत घालू आणि परत वापरू. चालेल का?

उत्तर: ताई, नाही चालणार. धान्याच्या बाबतीत सासूबाईंचं म्हणणं अगदी बरोबर आहे. पण हे धान्य नाही, आणि घोटाळा तिथेच झालाय. तो उलगडून सांगते, पण आधी टिप्याचं बघू.

आज रात्रीपासून त्या पिंपातला एकही दाणा त्याला देऊ नका. सकाळीही भातच द्या, सोबत उकडलेलं अंडं किंवा बिनहाडाचं चिकन, कांदा-लसूण आणि मसाला न घालता. आठवडा-दोन आठवडे एवढ्यावर त्याचं काही बिघडणार नाही. उद्या सकाळी त्याला अंगणात उजेडात जवळ घेऊन बसा. गावठी कुत्र्यांच्या हिरड्या पुष्कळदा काळ्या असतात, त्यामुळे नुसत्या हिरड्या बघून कावीळ कळत नाही. डोळ्याची वरची पापणी हलकेच ओढून पांढरा भाग बघा, कानाच्या आतली केस नसलेली कातडी बघा, पोटाची कातडी बघा. कुठेही पिवळसर झाक दिसली, लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली, शी डांबरासारखी काळी झाली, उलट्या लागल्या, पोट फुगल्यासारखं वाटलं किंवा रात्रीचा भातही नकोसा झाला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. जाताना पिंपातले पाव किलो दाणे बांधून सोबत न्या. तो भात आवडीने खातोय, म्हणजे भूक शाबूत आहे. ही खरंच दिलाशाची गोष्ट आहे. तुम्ही लिहिलंय त्यावरून मला वाटतं, त्याच्या नाकाने तुमच्या आधी काम केलं.

मी २४ वर्षं कोकणात जनावरांची डॉक्टर आहे. सुरुवातीला गाई-म्हशी जास्त आणि कुत्री थोडी असायची, आता उलट झालंय. कुत्री वाढली तसं ड्राय फूड घरोघरी आलं, पण ते ठेवायची रीत आपण तांदळाकडून उसनी घेतली. वर्षाचं भरून ठेवायचं, पिंपात ओतायचं, किडे झाले की ऊन द्यायचं. ड्राय फूड ‘कोरडं’ दिसतं म्हणून आपण त्याला धान्य समजतो. प्रत्यक्षात ते चिवड्याच्या जातीचं आहे. दिवाळीचा चिवडा तुम्ही एप्रिलपर्यंत ठेवाल का? नाही ना? मग तोच नियम इथे लावायचा.

ते असं का, हे ते बनतं कसं त्यात आहे. मका, तांदूळ किंवा गहू, सोया आणि कोंबडीच्या मांसाची पूड यांचं पीठ करतात, ते वाफेवर शिजवून मोठ्या दाबाने साच्यातून बाहेर ढकलतात. तिथे तापमान १०० अंशांच्या बरंच वर जातं. बाहेर पडताना दाणा पोंग्यासारखा फुगतो. मग तो वाळवतात, इतका की त्यात पाणी ८ ते १० टक्केच उरतं. इथपर्यंत ते खरंच धान्यासारखं टिकाऊ असतं. पण कुत्रा असला कोरडा पोंगा खात नाही. म्हणून शेवटी फिरत्या पिंपात त्यावर गरम चरबी आणि चवीचं द्रावण फवारतात. साध्या प्रकारात एकूण चरबी १० टक्क्यांच्या आसपास असते, पिल्लांच्या आणि महागड्या प्रकारांत १५ ते २० टक्क्यांपर्यंत जाते. म्हणजे तुमच्या पिंपातला प्रत्येक दाणा बाहेरून चरबीने माखलेला आहे, आणि दाणा सच्छिद्र असल्यामुळे हवेला ती चरबी आतपर्यंत सापडते.

अशा खाण्याला तीन तऱ्हांनी बाधा येते, आणि आपल्या भाषेत तिन्हींना वेगवेगळे शब्द आहेत. चरबी बिघडली की ते खवट होतं. हवेतलं पाणी शोषलं की सादळतं. बुरशी धरली की कुबट वास येतो. हे तीन शब्द सासूबाईंना माझ्यापेक्षा चांगले कळत असतील. तुमच्या पिंपाचा वास त्यांनाच घ्यायला सांगा, फक्त ‘धान्य’ म्हणून नाही, ‘जुन्या करंज्या’ म्हणून. तळहातावर नीट कळत नसेल तर मूठभर दाणे झाकणाच्या लहान डबीत घालून डबी कोमट पाण्यात अर्धा तास ठेवा आणि झाकण उघडताक्षणी हुंगा. ताज्या दाण्याला भाजक्या पिठाचा आणि थोडा मांसाचा वास येतो. खवटाला जुन्या रंगाच्या डब्यासारखा, खराब शेंगदाण्यासारखा वास येतो. तुम्ही ‘तेलकट’ लिहिलंय, तो बहुधा हाच.

खवटपणाची अडचण अशी की वास सगळ्यात शेवटी येतो. हवेतला प्राणवायू चरबीला आधी हळूहळू लागत जातो आणि त्यातून जे पदार्थ तयार होतात त्यांना फारसा वास नसतो. ते पुढे फुटले की वासाचे पदार्थ होतात. हे रोखायला कंपन्या दाण्यांत राखणदार घालतात: काही बीएचए किंवा बीएचटी, काही जीवनसत्त्व ई आणि रोझमेरीचा अर्क. पण हे राखणदार काम करता करता खर्च होतात. बंद पिशवीत ते सावकाश खर्च होतात, उघड्या पिंपात झपाट्याने. नैसर्गिक म्हणवणारे राखणदार कृत्रिमांपेक्षा लवकर दमतात, म्हणून ज्या गोणीवर ‘कृत्रिम संरक्षक नाहीत’ असं मोठ्या अक्षरांत छापलंय ती घेतली तर ती लवकर संपवायचीही तयारी हवी.

खवट दाण्याने कुत्रा त्याच दिवशी आजारी पडेल असं नाही. पातळ शी, कधी उलटी, पोटात गुडगुड एवढंच दिसतं. पण आत अ आणि ई जीवनसत्त्वं आणि त्वचेला लागणारी स्निग्धाम्लं नासत राहतात. पिशवीवर ‘संपूर्ण आहार’ छापलेलं असतं ते त्या जीवनसत्त्वांच्या जोरावर. ती गेली की पिशवीवरचा तक्ता खोटा ठरतो. वाढत्या पिल्लांना खवट चरबी दिली तर त्यांची वाढ मागे पडते. केस निस्तेज, कातडी कोरडी, कोंडा अशा तक्रारी घेऊन लोक शांपू मागायला येतात, आणि चौकशी केली की चार महिन्यांपूर्वी फोडलेली गोणी निघते.

आता मुदतीचं. मार्चची तारीख खोटी नाही, पण ती तुमच्या पिंपाला लागू नाही. ती कंपनीने शिवलेल्या, न फोडलेल्या, थंड आणि कोरड्या जागी ठेवलेल्या गोणीची मुदत आहे. शिवण उसवली की ती संपली आणि नवीन घड्याळ सुरू झालं. फोडल्यावर साधारण सहा आठवड्यांत संपवा असं पुष्कळ कंपन्या सांगतात. कोकणात जून ते सप्टेंबर मी चार आठवडेच धरते, आणि त्यातही पिल्लू किंवा म्हातारं कुत्रं असेल तर तीन.

त्या हिशेबाने गोणी किती मोठी घ्यायची ते बघा. १४ किलोच्या, बेताने हिंडणाऱ्या कुत्र्याला पूर्ण दिवस ड्राय फूडच दिलं तर रोज सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास लागतं. टिप्याला रात्री भात असतो, म्हणजे त्याचे सकाळचे सव्वाशे ग्रॅम. २० किलोची गोणी त्याला पाच महिन्यांहून जास्त पुरेल. महिन्याला त्याला लागतात पावणेचार किलो. म्हणजे तुमच्यासाठी तीन किलोची पिशवी. किलोमागे ती महाग पडते हे खरं, पण मोठ्या गोणीतले दहा किलो फेकायची वेळ आली की स्वस्ताई उरत नाही. घरात ३० किलोचा लॅब्रेडोर असेल तर तो रोज ४०० ग्रॅमच्या वर खातो, त्याच्या घरी १० किलोची पिशवी महिन्याच्या आत संपते आणि ती घेणं योग्यच आहे.

तारखेत आणखी एक बघा: बनवल्याचा महिना. तो छापणं आपल्याकडे बंधनकारक आहे. मी शक्यतो चार-पाच महिन्यांच्या आतली पिशवी घ्यायला सांगते, कारण मधला काळ ती कुठल्या गोदामात होती ते आपल्याला दिसत नाही. माझी एक वर्गमैत्रीण अकोल्याला प्रॅक्टिस करते. तिच्याकडे बुरशीची तक्रार क्वचित, खवटाची मात्र कायम. एप्रिल-मेमध्ये तिथे पारा ४५ अंशांपर्यंत जातो, आणि पत्र्याखालच्या गोदामात तर विचारूच नका. तापमान १० अंशांनी वाढलं की चरबी बिघडायचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासन ड्राय फूड २७ अंशांच्या खाली ठेवा म्हणतं. आपल्याकडे वर्षातले बरेच महिने ते घरात शक्य नाही, म्हणून आपल्याला दिवस कमी करावे लागतात.

आणि म्हणूनच ऊन नको. गव्हाला ऊन दिलं की किडा पळतो, दमटपणा जातो, गव्हाचं काही बिघडत नाही, कारण त्याचं तेल दाण्याच्या आत, सालीखाली सुरक्षित असतं. इथे चरबी बाहेर आहे. उष्णता, उजेड आणि मोकळी हवा, या तिन्ही गोष्टींनी चरबी नासते, आणि सूपभर दाणे गच्चीत पसरले की तिन्ही एकदम मिळतात. दोन दिवसांनी दाणे कुरकुरीत होतील, वासही थोडा उडेल, पण खाणं आधीपेक्षा वाईट झालेलं असेल. तव्यावर परतून देणारेही भेटतात. त्यानेही तेच होतं.

सादळण्याचं आता. पावसाळ्यात आपल्याकडची हवा इतकी ओली असते की उघडा पापड रात्रीत मऊ पडतो. दाणाही तसाच पाणी ओढतो. त्यातलं पाणी १२-१३ टक्क्यांच्या वर गेलं की कमी ओलाव्यावर जगणाऱ्या बुरशा आधी हातपाय पसरतात, आणि त्यांनी ओल आणखी वाढवली की पुढच्या येतात. म्हणून दाणा दाताने नाही, नखाने मोडून बघा. ताजा दाणा टचकन तुटतो. वाकला, चुरगळला, दोन दाणे एकमेकांना चिकटून आले, की समजा पाणी आत गेलंय. प्लास्टिकच्या पिंपात तळाशी आणि बाजूंना दिवस-रात्रीच्या फरकाने दव धरतं. वरचे दाणे छान दिसतात आणि तळात गोळा झालेला असतो. तुम्ही वरूनच काढताय, तळ अजून बघितलेला नाही.

आता कुबट, म्हणजे बुरशी. हे मी जरा सविस्तर सांगणार आहे, कारण यात कुत्री मरतात.

मका आणि शेंगदाण्यावर वाढणारी एक हिरवट-पिवळी बुरशी आहे, अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस. ती अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते आणि ते थेट यकृतावर जातं. या विषाला नाव मिळालं ते १९६० साली इंग्लंडमध्ये बुरशीदार शेंगदाणा-पेंड खाऊन सुमारे एक लाख टर्की पक्षी मेले त्यानंतर. पण त्याच्याही आधी, १९५०च्या दशकात, अमेरिकेच्या आग्नेय भागात कुत्री यकृत निकामी होऊन मरत होती आणि कारण कळत नव्हतं म्हणून डॉक्टर त्या आजाराला नुसतं ‘हेपटायटिस एक्स’ म्हणत होते. ते हेच विष होतं हे नंतर उघड झालं. आपल्या जवळचं उदाहरण १९७४चं आहे. राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातेतल्या पंचमहाल भागात अवकाळी पावसात भिजलेला मका आदिवासी कुटुंबांनी खाल्ला. नोंद झालेल्या ३९७ रुग्णांपैकी १०६ माणसं दगावली. त्या घरांतल्या कुत्र्यांनाही कावीळ आणि जलोदर झाला होता, कारण ती त्याच भाकरीचे तुकडे खात होती. हा प्रसंग मी शिकवायला उभी राहिले की दरवेळी सांगते. घरातलं माणूस आणि घरातलं कुत्रं एकाच कणगीवर जगत असतात.

हे विष ड्राय फूडमध्ये दोन वाटांनी येतं. एक वाट तुमच्या घरातली: दमट पिंप. दुसरी कारखान्याची: खराब मकाच आत गेला, तर शिजवताना बुरशी मरते पण विष पुरतं मरत नाही. ते उष्णतेला दाद देत नाही, म्हणूनच उकळून किंवा भाजूनही जात नाही. अमेरिकेत २००५च्या डिसेंबरात एका मोठ्या कंपनीचं खाणं याच कारणाने बाजारातून परत घ्यावं लागलं आणि शंभराहून जास्त कुत्री गेली. पुन्हा २०२०च्या डिसेंबरात ‘स्पोर्टमिक्स’ नावाचं ड्राय फूड परत मागवलं गेलं. जानेवारी २०२१पर्यंत तिथल्या प्रशासनाकडे ११०हून जास्त मृत्यू आणि २१०हून जास्त आजारी कुत्र्यांची नोंद झाली होती, त्यातली सगळीच प्रयोगशाळेत सिद्ध झालेली नव्हती. त्या वेळी कुठला माल वाईट हे ओळखायची खूण होती पिशवीवर छापलेल्या क्रमांकातले ‘०५’ हे आकडे. ज्यांनी पिशवी फेकून दाणे डब्यात ओतले होते, त्यांना आपल्या घरात विष आहे की नाही हे कळायला मार्गच उरला नाही. तुमची गोणी फेकली नसेल तर शोधून काढा आणि तिच्यावरच्या बॅच क्रमांकाचा, तारखांचा फोटो आजच काढून ठेवा.

हे विष डोळ्यांना दिसत नाही. बुरशी दिसत नाही म्हणून विष नाही, असं होत नाही, आणि बुरशी दिसली म्हणजे विष असेलच असंही नाही. शिवाय ते सगळीकडे सारखं नसतं, एका कोपऱ्यात भरपूर आणि शेजारी काहीच नाही असं असतं. त्यामुळे ‘बुरशीचा भाग काढून बाकीचं वापरलं’ हा हिशेब चुकतो.

माझ्याकडे काही वर्षांपूर्वी जुलैत एक लॅब्रेडोर आला. पिवळाधमक, सुस्त, रक्ताच्या उलट्या. कोकणात पावसाळ्यात कुत्र्याला कावीळ म्हटलं की आम्ही पहिल्यांदा लेप्टो, म्हणजे उंदरांच्या लघवीतून पसरणारा ताप धरतो, मग गोचीडतापाचे प्रकार. मीही लेप्टो धरला आणि त्याचे उपचार सुरू केले. तिसऱ्या दिवशी मालकिणीशी बोलताना सहज विचारलं, घरात दुसरं कुत्रं आहे का. होतं, एक गावठी, ते अगदी ठणठणीत. दोघांमध्ये फरक काय, तर गावठी घरचं खायचा आणि लॅब्रेडोर दुकानातून सुटं आणलेलं ड्राय फूड. दुकानदार उघड्या गोणीतून वजन करून पिशवीत द्यायचा. घरचा डबा तळापर्यंत रिकामा केला तेव्हा खाली हिरवट गोळा निघाला. दाण्यांच्या तपासणीत अफ्लाटॉक्सिन निघालं. या विषाला उतारा नाही. खाणं थांबवायचं, सलाईन, व्हिटॅमिन के, यकृताला आधार देणारी औषधं, जमलं तर प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ भाग. तो पाचव्या दिवशी गेला. पहिल्या दिवशी खाण्याबद्दल विचारलं असतं तर वाचला असता का, हे मी सांगू शकत नाही, पण त्यानंतर माझ्या केसपेपरवर पहिली ओळ खाण्याची असते. तुम्हीही डॉक्टरकडे गेलात आणि त्यांनी विचारलं नाही, तर आपणहून सांगा: कुठलं खाणं, कधी फोडलं, कशात ठेवलं.

यामुळेच सुटं ड्राय फूड घेऊ नका असं मी हात जोडून सांगते. त्याला तारीख नसते, बॅच नसतो, आणि गोणी किती आठवडे उघडी होती ते दुकानदारालाही आठवत नसतं.

किड्यांचं थोडक्यात. पोरकिडे किंवा जाळी धरणाऱ्या अळ्या दिसल्या तर त्या विषारी नाहीत, पण त्या आहेत म्हणजे हवा आणि ओल दोन्ही आत जातेय. डोळ्यांना न दिसणारे साठवणीतले माइट्सही, म्हणजे कोळ्याच्या जातीचे बारीक जीव, उघड्या पिशवीत वाढतात. ज्या कुत्र्याला मुळात त्वचेची अ‍ॅलर्जी आहे त्याची खाज त्यांनी वाढू शकते. पण एक गोष्ट जीव तोडून सांगते: धान्यात ठेवायच्या कीडनाशक गोळ्या, डांबरगोळ्या, बोरिक पावडर, यांतलं काहीही कुत्र्याच्या खाण्याजवळ ठेवायचं नाही. धान्याच्या त्या गोळ्यांतून निघणारा वायू माणसालाही मारतो. पिशवीत ओल शोषणारी पुडी असेल तर ती काढून टाका. प्राणवायू शोषणाऱ्या पुडीत लोखंडाची पूड असते, ती कुत्र्याने फोडून खाल्ली तर बाधते. वाटीभोवती मुंग्यांच्या खडूची रेघ मारण्यापेक्षा दुधाच्या पातेल्याखाली ठेवतो तशी पाण्याची परात वाटीखाली ठेवा.

आता नवी पिशवी आणाल तेव्हा. दाणे ओतायचे नाहीत. पिशवीला आतून चरबी आणि ओल अडवणारा थर असतो, तोच खरा डबा. पिशवीचं तोंड दाबून हवा काढा, दोन-तीन घड्या घाला, चिमटा लावा आणि ती पिशवीच घट्ट झाकणाच्या स्टीलच्या पिंपात उभी ठेवा. प्लास्टिकचं पिंप वापरायचंच असेल तरी पिशवीसकट. प्लास्टिक चरबी पिऊन घेतं. बाजूंना जो चिकट थर राहतो तो खवट होतो, आणि ताजे दाणे त्यावर ओतले की त्यांनाही तो लवकर बिघडवतो. विरजणासारखंच आहे हे. तुमचं आताचं पिंप गरम पाणी आणि साबणाने घासून, पूर्ण वाळवून घ्या. तरी वास राहिला तर ते पुन्हा खाण्याला वापरू नका. पिंप जमिनीवर टेकवू नका, पाटावर ठेवा, भिंतीपासून चार बोटं लांब. गॅसजवळ नको, वॉशिंग मशीनजवळ नको, पडवीत नको, पोटमाळ्यावर तर नकोच. फ्रिजमध्येही नको, कारण रोज आत-बाहेर केलं की थंड दाण्यावर बाहेरची वाफ धरते. उंदराने पिशवी कुरतडली तर ती अख्खी टाकायची, कितीही भरलेली असली तरी.

एक कोरडा, झाकणाजवळ टांगलेला चमचा ठेवा. कुत्र्याच्या चाटलेल्या वाटीने दाणे काढायचे नाहीत. आणि हात धुवायचे. यात स्वच्छतेपलीकडचा मुद्दा आहे. चरबीचा फवारा शिजवल्यानंतर बसतो, त्यामुळे तिथे साल्मोनेला हा जुलाब-ताप आणणारा जंतू शिरला तर त्याला मारणारी पुढची पायरी नसते, आणि कोरड्या, चरबीदार दाण्यात तो महिनोन्‌महिने तग धरतो. अमेरिकेत २००६ ते २००८ दरम्यान ड्राय फूडमुळे ७९ माणसांना साल्मोनेलाची लागण झाल्याचं सापडलं. त्यातली जवळजवळ निम्मी दोन वर्षांच्या आतली मुलं होती, आणि तान्ह्या मुलांच्या आजाराचा संबंध स्वयंपाकघरात जनावराला खाऊ घालण्याशी निघाला. कुत्रं स्वतः ठणठणीत राहून जंतू पसरवू शकतं. तुमच्याकडे रांगणारं मूल असेल तर टिप्याची वाटी त्याच्या वाटेत ठेवू नका, आणि ती घरच्या भांड्यांत न घासता वेगळी, रोज घासा. दाणे पाण्यात किंवा चिकनच्या पाण्यात भिजवून देत असाल तर तासाभरात उरलेलं टाका. भिजला की दाणा कोरडा राहत नाही, शिळा भात होतो.

आणि आता त्या उरलेल्या दहा-अकरा किलोंचं. काही हजारांची वस्तू टाकायला जीव होत नाही, मला कळतं. पहिला विचार येतो रस्त्यावरच्या कुत्र्यांना घालावं. घालू नका, त्यांचंही यकृत तसंच असतं, आणि ती आजारी पडली तर त्यांना डॉक्टरकडे नेणारं कुणी नसतं. कोंबड्यांना नको, बदकं तर या विषाला फारच नाजूक असतात. शेजारच्या म्हशीच्या आंबोणात तर मुळीच नको, कारण गाय-म्हैस अफ्लाटॉक्सिन दुधातून बाहेर टाकते आणि ते दूध घरातल्या लेकरांच्या पोटात जातं. परसात खड्डा खणा, कुत्री उकरणार नाहीत इतका खोल, आणि माती दाबून टाका. पुरताना पिंप उलटं करून तळ नीट बघा. तिथे गोळा, हिरवट-काळपट डाग किंवा कुबट वास सापडला, तर टिप्या कितीही हुशारीने हिंडत असला तरी या आठवड्यात त्याचं रक्त तपासून घ्या. यकृताच्या एन्झाइम्स, बिलिरुबिन, अल्ब्युमिन आणि रक्त गोठायला लागणारा वेळ, एवढं पुरे. यकृत बरंच खराब होईपर्यंत कुत्रं तोंडावर काही दाखवत नाही. तळ स्वच्छ निघाला, डोळे पांढरे असले आणि भूक अशीच राहिली, तर दहा दिवसांनी एकदा वजन करा आणि मला कळवा. तोवर नवी तीन किलोची पिशवी आणा, तीही भातात थोडी थोडी मिसळत आठवडाभरात वाढवत न्या, आणि फोडल्याची तारीख पेनाने पिशवीवरच लिहा.